जुन्याला धक्का न लावता

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांचं माझ्यावर ऋण आहे. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. माझं डीटीपीचं काम आज सुरळीत चाललंय, ते त्यांच्यामुळे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट बंद होणार होते आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज 11 ला चालणारा नव्हता. इंटरनेट, मेल, युनिकोडमधला मजकूर यांसाठी लिनक्स घ्यावं असं मनात होतं, पण विंडोज काढून टाकणं परवडणारं नव्हतं. जुने दिवाळी अंक, स्मरणिका, एका वृद्ध लेखिकेचं अर्धवट जुळवलेलं आत्मचरित्र, सगळं विंडोजवरच्या पेजमेकर आणि श्रीलिपीत. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "फॉरमॅट मारू, नवं टाकू. दोन दोन कशाला हवंय?"

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या आजींच्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठंय?"

एक्स्टर्नल हार्डडिस्कवर सगळं उतरवलं. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. ती डिस्क त्यांच्या संगणकाला जोडून त्यांनी मला फोल्डरमागून फोल्डर उघडायला लावले. "कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही गं. फाइल उघडली पाहिजे."

मग बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय. माझ्या ड्राइव्हवर ते चालू होतं. डिस्कच्या मांडणीत किंवा बूटच्या क्रमात फरक दिसला, की विंडोज सुरू होताना रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फाइली आपल्याला परक्या होतात. ही की 48 अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. मी स्क्रीनवरून एकेक गट वाचत होते, काका वहीत लिहीत होते. पूर्ण झाल्यावर वही माझ्याकडे दिली, म्हणाले, "आता मी स्क्रीन वाचतो, तू वहीत बघ." त्यानंतरच त्यांनी बिटलॉकर बंद केलं. पत्रिकेतली नावं तपासताना मी स्वतः असंच प्रूफ वाचते. माझ्या फाइलींसाठी दुसरं कुणी इतकं जपून वाचतंय, हे मला नवीन होतं.

फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असलं तर शट डाउन केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपेत राहतं, आणि अशा वेळी लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. जागा मोकळी केली ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. विंडोजचं पार्टिशन विंडोजनंच आवळावं, हा त्यांचा दंडक.

यूएसबीवरून उबुंटू हे लिनक्स आधी नुसतं चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, छपाई, मराठी टायपिंग ठीक आहे याची खात्री झाल्यावरच इन्स्टॉलरला हात लावला. तिथं संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्यायही असतो. काकांनी पार्टिशन हातानं निवडण्याचा मार्ग घेतला. ईएफआयचं पार्टिशन अगदी छोटं असतं, पण दोन्ही सिस्टीम सुरू होण्याची सोय त्यातच असते. ते वापरायचं, मात्र फॉरमॅट करायचं नाही. फॉरमॅटच्या चौकटीवर बोट ठेवून ते थांबले. "इथं टिक नाहीये ना? तू बघ. मी बघितलंय, पण तू बघ." मी पाहिलं. मग म्हणाले, "आता दाब."

पहिल्यांदा परत विंडोजमध्ये गेले तर घड्याळ साडेपाच तास मागे. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ. काकांनी एका आज्ञेत ते मिटवलं.

पैशांचा विषय काढला तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुनी सीडी काढून दाखवली. उबुंटू 2004 साली आलं, तेव्हा ते बनवणारी कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला सीडी टपालानं फुकट पाठवत असे. 2011 पर्यंत हे चाललं. काकांकडे ती अशीच आलेली. "पोस्टेजसुद्धा घेतलं नव्हतं त्यांनी," म्हणाले, "मग मी तुझ्याकडून काय घेऊ?"

त्या दिवशी त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरू शकत नाही. लिनक्सवर मराठी दाखवणारा लोहित फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवला आणि रेड हॅटनं 2004 मध्ये तो मुक्त परवान्यावर सर्वांना खुला केला. श्रीलिपीही याच मॉड्युलरची. माझ्या लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंची अक्षरं एकाच घरातून आलेली! मी रोज ज्यांच्या कामावर जेवते, त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. काकांचे निदान पाय धरता येतात.

आता ते मुलीकडे नाशिकला राहतात. मध्यंतरी विंडोजच्या एका अपडेटनंतर सिस्टीम निवडायची यादी दिसेनाशी झाली, लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जायला लागला. मी फोन लावला.

"बॅकअप कधीचा आहे?"

"कालचा, काका. उघडून बघितलाय."

"मग काही गेलेलं नाही. अपडेटनं बूटचा क्रम बदललाय फक्त. रीस्टार्ट कर, बायोसमध्ये जा, आणि उबुंटू वर घे. मी फोन धरून ठेवतो."