मुंडगोडच्या रानातली कवंदी

मुंडगोड हे नाव आपल्या समाजाला परके नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात १९६६ साली तिथे तिबेटी निर्वासितांची वसाहत बसली. द्रेपुंग आणि गांदेन हे तिबेटातले जुने विहार तिथेच नव्याने उभे राहिले. आमच्या महिला मंडळाची सहल गेल्या थंडीत तिकडे गेली. नागपूर, महाड, चैत्यभूमी सगळ्यांचे झालेले होते, म्हणून या वेळी विहार पाहू असे ठरले. बाकीच्या भगिनी विहारासाठी निघाल्या होत्या. माझे मात्र तिथे दुसरेही एक काम होते. मुंडगोडच्या आसपासच्या रानात सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांतल्या बाया ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात, एवढे मला ठाऊक होते. मी स्वतः गोधड्या शिवते. दुसरीची सुई बघायला मिळाली तर कोणती शिवणारीण सोडेल?

माझे घर इचलकरंजीत. आमच्या गल्लीत दिवसरात्र यंत्रमागाचा खडखडाट. घरातली कामे आवरून, दुपारची भांडी घासून झाली की मी दारात चटई टाकते. तीन-चार टेलरांकडून चिंध्या आणते. कोणी फुकट देतो, कोणी किलोवर. आत घालायला जुनी सुती लुगडी लागतात, आणि ती आता मिळत नाहीत. बायका नायलॉनच्या साड्या नेसतात; त्या साडीचे अस्तर घातले की गोधडी घसरते आणि थंडीत ऊबही देत नाही. चारी बाजूंना टाचे घालून थर बसवायचे, मग कडेने धावदोरा धरून आत आत जायचे. हाताने घातलेली मोठी गोधडी बारा-पंधरा दिवस घेते. मशीनवर दोन दिवसांत होते, पण ती पुठ्ठ्यासारखी ताठ राहते असे माझे मत आहे. रंग कसे सुचतात असे लोक विचारतात. खरे सांगायचे तर पुढ्यात जी चिंधी येते तीच सुचवते. शाळेच्या गणवेशाची निळी चिंधी फार आली की त्या महिन्यातल्या गोधड्या निळ्या होतात.

मिरजेहून हुबळीची गाडी धरली. बेळगाव गेले की खानापूर, लोंढ्याकडे रान दाट होते, आणि डब्यातली बोलीही हळूहळू बदलते. मराठी, कोकणी, कानडी एकाच बाकावर बसलेली असतात. हुबळीहून मुंडगोडला सरकारी बस. कर्नाटकातल्या बायांना जून २०२३ मध्ये सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. आपल्याकडे त्याच वर्षी मार्चमध्ये एसटीचे अर्धे तिकीट झाले, पण ते आपल्या हद्दीपुरते. त्यामुळे आम्ही चौदाजणींनी पूर्ण पैसे मोजले आणि शेजारच्या कानडी भगिनी आमच्याकडे बघून हसत होत्या.

विहारांचे वर्णन करायला वेगळा लेख लागेल. तिथली एकच गोष्ट सांगते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. प्रार्थनेला बसलेल्या भिक्खूंचे पिवळे चीवर मी जवळून पाहिले. ते अखंड कापडाचे नसते. लहान-मोठे आयत जोडून, मध्ये शिवणीच्या पट्ट्या सोडून ते केलेले असते. विनयपिटकात याची हकिकत आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना भगवान बुद्धांना मगधातली भातशेती दिसली. चौकोनी वाफे, मध्ये बांध, बांधांना छेदणारे बांध. त्यांनी आनंदाला विचारले, अशा आकाराचे चीवर भिक्खूंसाठी करता येईल का? आनंदाने तसे शिवून आणले, तेव्हा त्यांनी सर्व भिक्खूंसमोर त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. म्हणजे शेत बघून नक्षी सुचली आणि शिवणाऱ्याचे नाव अडीच हजार वर्षे टिकले. त्या काळी उकिरड्यावरची, स्मशानातली टाकलेली वस्त्रे धुऊन, तुकडे जोडून चीवर करीत, त्याला पांसुकूल म्हणत.

हे वाचताना मला नेहमी माझ्या सासूबाई आठवतात. त्या आता नाहीत. गावकीच्या काळात मढ्यावरचे कापड आपल्या लोकांच्या वाट्याला येई, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अंगावरच्या गुलामीच्या खुणा टाका, स्वच्छ राहा असे सांगितले. ते ऐकून आलेल्या बायांच्या लेकी-सुनांच्या पिढीतल्या सासूबाई. घरात पहिली सोलापुरी चादर आली तेव्हा त्यांनी जुनी वाकळ न्हाणीच्या चुलीत घातली होती. मी गोधड्या विकायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "ठिगळं लावणं हा आपला नाइलाज होता. नाइलाज कला म्हणून बाजारात मांडू नकोस." त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. पैसे लागत होते, म्हणून शिवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी टेम्पोने मैनळ्ळीकडे गेलो. सागवानाचे रान, लाल माती, मध्येच भाताची खाचरे. आपल्या लोकांना सिद्दी म्हटले की मुरूडचा जंजिरा आठवतो, किंवा हबशी गुलाम म्हणून आलेला आणि निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबर. पण या रानातल्या सिद्दींच्या वाट्याला ना किल्ला आला ना दौलत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसे धरून गोव्यात आणली आणि गुलाम म्हणून विकली. त्यांतले पुष्कळजण पळून घाट चढून या जंगलात शिरले. पुढे पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर आणि रानात मजुरी. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, त्या सभागृहात पोहोचलेले ते पहिले सिद्दी.

त्यांची बोली कोकणी-मराठीच्या इतकी जवळची की पहिल्या पाच मिनिटांनंतर दुभाष्याची गरज उरली नाही. ओसरीवर एक वयस्क मावशी शिवत बसल्या होत्या. मी पिशवीतून माझी सुई काढून दाखवली. त्यांनी ती बोटांत फिरवून पाहिली, लहान आहे म्हणाल्या, आणि मला बसायला जागा करून दिली.

आता कवंदी कशी करतात ते सविस्तर सांगते, कारण शिवणाऱ्या भगिनींना त्यात गंमत वाटेल. आपण बहुधा ठिगळांचे वरचे पान आधी जोडून घेतो आणि मग थर एकत्र शिवतो. त्या तसे करत नाहीत. खाली जुनी साडी पसरतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात. चिंधीची कड दुमडून ती थेट त्या थरांवर शिवत जायची, जोडणे आणि भरणे एकाच धावदोऱ्यात. कडेने पूर्ण फेरी झाली की आतली फेरी, मग तिच्या आतली, असे गोगलगायीच्या शंखासारखे मध्याकडे सरकायचे. आधी आखलेले काही नसते. मावशींच्या मांडीवर तांबडी चिंधी होती, तिच्या शेजारी त्यांनी हिरवी ठेवली, मान वाकडी करून पाहिले, उचलली, पिवळी ठेवली. त्या ठेवण्या-उचलण्याला जेवढा वेळ गेला तेवढा शिवायला गेला नाही. टाके लपवण्याचाही खटाटोप नाही. गडद कापडावर पांढऱ्या दोऱ्याच्या रेघा उघड उमटतात आणि सगळी कवंदी नांगरलेल्या शेतासारखी दिसते.

चार कोपऱ्यांवर त्या चिंध्यांच्या त्रिकोणी घड्या एकावर एक रचून लावतात. त्याला फुले म्हणतात. फुले नसतील तर कवंदी नागडी. ख्रिस्ती घरातली बाई कधी क्रूस घालते, मुसलमान घरातली चंद्रकोर. आणि सर्वांत शेवटी, मधले शेवटचे ठिगळ बंद करण्याआधी, त्याखाली तांदळाचे चार दाणे ठेवतात. कवंदीचे पोट रिकामे राहू नये म्हणून. मावशींनी हे सांगितले आणि आम्ही पाचही जणी गप्प झालो. माझ्या सोबतच्या आयुष्मतींनी नंतर वाटेत विचारले, ही अंधश्रद्धा म्हणायची का? मला तसे वाटले नाही. ज्यांनी उपाशी पोट पाहिले आहे त्यांनी पांघरुणालाही जेवू घातले, एवढाच अर्थ मी घेतला.

मावशींच्या घरात लहान मुलांच्या, एकट्याच्या, दोघांच्या, तिघांनी मिळून पांघरायच्या अशा निरनिराळ्या मापांच्या कवंद्या घडी करून रचलेल्या होत्या. त्या एकेक उलगडून दाखवत होत्या. हा भाग थोरल्या लेकाच्या सदऱ्याचा, हा सुनेच्या साडीचा. चेहऱ्यावर कसलाही संकोच नव्हता. मी त्यांना माझ्या सासूबाईंचे बोलणे सांगितले. त्या हसल्या आणि दारात उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केले. सून म्हणाली, मी पोरांवर बाजारातले ब्लँकेटच घालते, पाहुण्यांसमोर बरे दिसते. म्हणजे हा वाद तिथल्या ओसरीवरही चालूच आहे.

विक्रीचीही चौकशी केली. अमेरिकेतले प्राध्यापक हेन्री ड्रूअल या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत या वाड्यांमध्ये फिरले आणि त्यांच्या मदतीने सिद्दी बायांची गोधड्यांची सहकारी संस्था निघाली. २०११ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शोम्बर्ग केंद्रात या कवंद्यांचे प्रदर्शन भरले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागूनच आहे. रानातली चिंधी तिथवर गेली हे ऐकून मला उगाचच आपले कोणी गेल्यासारखे वाटले. मावशींना मात्र न्यूयॉर्कपेक्षा यंदा पांढरा जाड दोरा कुठे स्वस्त मिळेल याची काळजी अधिक होती. तो प्रश्न माझाही आहे, म्हणून आम्ही त्यावर बराच वेळ बोललो.

मुक्कामाच्या खोलीवर रात्री माझ्या भाचीने मोबाइलवर आणखी एक गाव दाखवले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. पूर्वीच्या गुलामांचे वंशज तिथे राहतात आणि अनेकांचे आडनाव अजून पेटवे, म्हणजे जुन्या मालकाचेच. तिथे मिझूरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून गोधडी केली. त्याची आठवण पांघरता यावी म्हणून. १९६२ मध्ये काळे लोक मतदार नोंदणीची मागणी करू लागले तेव्हा नदीवरची फेरीबोट बंद करण्यात आली. तालुक्याच्या गावी जायला मोठा वळसा घालावा लागे. ती बोट पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. त्याच वर्षी त्या बायांच्या गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. त्याआधी २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले होते. कीर्तीबरोबर तंटाही आला. आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून काही बायांनी २००७ मध्ये कोर्टात दावे लावले, पुढच्या वर्षी तडजोड झाली. आता दर ऑक्टोबरात त्या गावातच प्रदर्शन भरते. गोधड्या घरांपुढे दोऱ्यांवर वाळत घालतात आणि लोक रस्त्याने फिरत पाहतात. भाची म्हणाली, मामी, हे तर आपल्या चाळीसारखंच.

मला ही कल्पना फार आवडली. मी बचत गटाबरोबर प्रदर्शनांना जाते. मुंबईचे महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा पाहिली. तिथे नाशिकच्या, विदर्भाच्या बायांचे काम बघायला मिळते हा मोठा लाभ आहे, निम्मा दिवस तर मी दुसऱ्यांच्याच स्टॉलवर असते. पण एका प्रदर्शनात एका गिऱ्हाइकाने पंधरा दिवसांच्या गोधडीला चादरीचा भाव केला आणि वर म्हणाली, चिंध्याच तर आहेत. आयोजकांनी चिठ्ठीवर गटाचे नाव छापले होते, शिवणारीचे नव्हते. तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक गोधडीच्या पाठीमागे उजव्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने माझे नाव आणि साल घालते.

निघताना मावशींकडून लहान मुलाची एक कवंदी विकत घेतली. त्यांनी सांगितला तो भाव दिला. घासाघीस करायची सोबतच्या एकीची इच्छा होती, तिला मी गप्प बसवले. नाव घालायला सांगितले तर मावशी म्हणाल्या, मला लिहिता येत नाही. मग भाचीने पेनने अक्षरे काढून दिली आणि त्यांनी ती तिथेच बसून टाक्यांनी भरली. एक अक्षर थोडे मोठे झाले आहे.

जाणाऱ्या भगिनींसाठी सांगते. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी असते, पांघरूण घेऊन जावे. वाडीवर जाताना आधी ओळखीच्या माणसाकडून निरोप द्यावा, दुपारी बाया शेतावर असतात. फोटो विचारून काढावा. आणि घरात सुती लुगडे पडून असेल तर ते सोबत न्यावे. साखर-पेढ्यांपेक्षा त्याचे तिथे अधिक स्वागत होते.