एकाच पडद्यातून

स्पीकर पारखायचा तर तानपुऱ्यावर पारखावा. गायकाने अजून तोंड उघडलेलं नसतं, तबलजी हातोडीने तबला मिळवत असतो आणि चार तारा एकामागून एक झरत असतात. जवारी नीट लागलेली असली, की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार आपसूक उमटतो. त्याच्याही वर स्वरांचा एक बारीक झगझगाट असतो, तो काही हजार हर्ट्‌झपर्यंत चढत जातो. प्रश्न एवढाच, की तळाचा खर्ज आणि माथ्यावरचा तो झगझगाट एकाच भोपळ्यातून आल्यासारखे वाटतात का? बहुतेक स्पीकरांवर वाटतात, पण लक्ष देऊन ऐकलं की कुठेतरी शिवण लागते.

ती शिवण म्हणजे क्रॉसओव्हर. दोन ड्रायव्हरच्या पेटीत खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे पाठवायला कॉइल आणि कपॅसिटर बसवलेले असतात. ही वाटणी साधारण दोन ते तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास होते. माणसाचा कान सर्वांत तल्लख असतो तो दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात. म्हणजे कान जिथे सर्वांत जागा, नेमकी तिथेच कापाकापी. गायिकेचा आकार एका पडद्यातून येतो, तिच्या ‘श’ आणि ‘स’ची धार दुसऱ्यातून. कसबी कारागीर ही शिवण इतकी बारीक घालतात की ती शोधूनही सापडत नाही, आणि अशा पेट्यांबद्दल मला आदरच आहे. पण त्या महाग असतात. स्वस्त पेट्यांत गाणारी व्यक्ती एक राहत नाही, तिचा गळा एकीकडे आणि ओठ दुसरीकडे होतात.

नाशिकच्या माझ्या घरात दोन लाकडी पेट्या आहेत आणि प्रत्येकीत आठ इंची एकच कागदी कोन आहे. ट्वीटर नाही, क्रॉसओव्हर नाही. अँप्लिफायरची तार थेट कॉइलला जाते आणि खर्जापासून मंजिऱ्यांपर्यंत सगळं काम तो एकटा कागद करतो. या रचनेत नवं काहीच नाही. कॉइल आणि चुंबकावर चालणाऱ्या कोन स्पीकरला आजचं रूप दिलं ते अमेरिकेत राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी, १९२५ साली. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी मोठ्या कोनाच्या पोटात एक छोटा कोन बसवला. वरच्या स्वरांना मोठा कागद साथ देईनासा झाला की तो धाकटा पुढे होतो. पुढे लाउदर या इंग्रज कंपनीने हीच परंपरा चालवली. जपानच्या फोस्टेक्सचे फुल रेंज कोन आज जगभरचे हौशी लोक विकत घेतात आणि सुताराकडून पेट्या करून घेतात.

महाराष्ट्रानेही आपलं एक मोठं ऐकणं असंच एका पडद्यावर ऐकलं आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाला सुरुवात झाली. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, दर आठवड्याला एक नवं गीत, आणि वर्षाअखेर छप्पन्न गीतं. फडक्यांबरोबर माणिक वर्मा गायल्या, वसंतराव देशपांडेही गायले. ज्या घरांत रेडिओ होता तिथे तो बहुधा वाल्व्हचा, लाकडी खोक्याचा असे, आणि कापडी जाळीमागे एकच कागदी कोन. मध्यम लहरींवरून पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं काही पोचत नसे. म्हणजे ना झगझगाट, ना खोल बेस. तरी शब्द कळला नाही, भाव पोचला नाही, असं त्या पिढीतलं कुणी मला कधी म्हणालेलं नाही. माणसाच्या गळ्याचं सारं महत्त्वाचं त्या मधल्या पट्ट्यात मावतं आणि तो पट्टा त्या कोनाने अखंड दिला. राम पंचवटीत राहिला अशी आमच्या गावाची श्रद्धा. गोदावरीकाठच्या घरांत ती गीतं कोणत्या ओढीने ऐकली गेली असतील, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

याच पंचवटीत विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपला रामनाम आधार आश्रम उभारला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा हा माणूस उत्तरायुष्यात इथे रामनामात रमला. १९३१ साली ते गेले तेव्हा नाशिकला जन्मलेला त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. त्या मुलाचा गळा पुढे साऱ्या देशाने ऐकला. ‘बैजू बावरा’ चित्रपटात १९५२ साली अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी गाजली, आणि तीनच वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी ते गेले. द. वि. पलुसकर मागे राहिले ते ध्वनिमुद्रणांत, आणि त्यांतली बरीचशी ७८च्या तबकड्यांवरची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची.

या ध्वनिमुद्रणांना एकच वाहिनी आहे. ती लावताना मी एका पेटीची तार काढून ठेवतो. दोन पेट्यांतून तोच आवाज आला की तो मधे कुठेतरी हवेत तरंगतो. एका पेटीतून आला की बसायला जागा मिळाल्यासारखा स्थिर होतो. ‘ठुमक चलत’ सुरू झालं, की आठ इंचांच्या त्या कागदातून आवाज येतो तो सबंध येतो. मींड खालून वर जाताना वाटेत हात बदलत नाही. तान तार सप्तकात शिरताना तिचा रंग पालटत नाही. शब्दाचं व्यंजन आणि त्याचा स्वर एकाच क्षणी, एकाच जागेवरून निघतात. समोर एक माणूस बसून गातो आहे ही जाणीव मला याहून महागड्या पेट्यांनीही क्वचित दिली आहे. त्यासाठी फार ताकदही लागत नाही. हलका कागद, मोठं चुंबक, त्यामुळे थोड्या विजेत पुष्कळ आवाज. ८५ डेसिबलच्या पेटीला जिथे पन्नास वॅट लागतील, तिथे ९५ डेसिबलच्या कोनाला पाच पुरतात.

आणि तरीही हा कोन सगळं देत नाही. जे देत नाही तेही काही किरकोळ नाही.

दहा हजार हर्ट्‌झच्या लाटेची लांबी सुमारे साडेतीन सेंटिमीटर, आणि कोनाचा व्यास वीस. लाटेच्या मानाने कागद एवढा मोठा झाला की आवाज पसरत नाही, झोतासारखा सरळ पुढे जातो. पेट्यांच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसलेल्याला सतारीची चमक ऐकू येते, शेजारच्या दिवाणावर बसलेल्याला ती मळकट वाटते. चार माणसांनी मिळून ऐकण्याच्या घरात हा मोठाच दोष आहे. त्यातच दोन-चार हजारांच्या पट्ट्यात कागद स्वतःच थरथरतो आणि काही गळे ओरडल्यासारखे येतात. वरच्या पट्टीतली सनई माझ्याकडे सोसवत नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

खाली तर भौतिकशास्त्रच आड येतं. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली द्यायचा तर कोनाला चौपट अंतर पुढेमागे हलावं लागतं. हलका कोन एवढं हलू शकत नाही. हलवलाच, तर त्याच क्षणी त्याच कागदावर स्वार असलेला गायकाचा आवाजही हेलकावे खातो. डग्ग्याची मींड निम्मी कळते आणि निम्मी गृहीत धरावी लागते.

खर्जाच्या बाबतीत मात्र कान मदतीला येतो. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास असते. माझ्या पेट्या तिथपर्यंत जेमतेम पोचतात. पण त्याच तारेतून १३८, २०७, २७६ असे वरचे अंश भरपूर निघतात, आणि त्यांच्यामधलं समान अंतर ऐकून मेंदू तळाचा स्वर स्वतःच रचतो. कोनाने जो दिलाच नाही तो खर्ज मला ऐकू येतो. छोट्या रेडिओवरही तानपुरा भरलेला का वाटायचा, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

ढोलाला हे लागू पडत नाही. आमच्या गावाचं नाव मिरवणारा नाशिक ढोल एका बाजूने टिपरूने आणि दुसऱ्या बाजूने थापीने वाजतो. गणपतीत पथक मेन रोडवरून चाललं की थापीचा तो दणका कानाआधी छातीला कळतो. त्याचं ध्वनिमुद्रण या पेट्यांवर लावा, टिपरूचा टणत्कार अगदी खरा येतो, ताशाची तडतड तर उत्तमच, पण थापी नाहीशी होते. छातीत काहीच हलत नाही. ज्या गावाने पलुसकरांचा गळा दिला त्याच गावाने हा ढोलही दिला आहे. माझा कोन त्यांतल्या एकालाच पुरा पडतो, याचं मला वाईट वाटतं.

यावर एक तोड आहे. ऐंशी हर्ट्‌झच्या खालचं सारं एका वेगळ्या, जड कोनाच्या पेटीकडे सोपवायचं. कुणी म्हणेल, मग एकच ड्रायव्हर कुठे राहिला? बरोबर आहे. पण तिथे आवाजाची लाट चार मीटरहून लांब असते, तो कुठून येतो हे कानाला नीट सांगता येत नाही आणि गायकाचा षड्ज त्या सीमेच्या बराच वर राहतो. कापायचंच असेल तर गळ्यापासून इतक्या दूर कापलेलं मला चालेल, ओठांवर नाही. सुताराला पेटीचं माप दिलं आहे. कोन बारा इंची घ्यायचा की पंधरा, हे अजून ठरायचं आहे.