कोट्याची मासोळी

वऱ्हाडांत वाढलेल्या मनुष्याला दगड म्हटला कीं काळाच आठवतो. गाविलगडाचा कडा काळा, नरनाळ्याचा डोंगर काळा. विहीर खणावयास घेतली कीं कपाशीच्या काळ्या मातीखालीं मुरूम आणि मुरमाखालीं बहुधा पुन्हां तोच काळा फत्तर. हा सर्व ज्वालामुखींतून वाहून आलेल्या रसाचा थिजलेला थर असून त्याचें वय सुमारें साडेसहा कोटि वर्षें आहे, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. दगडांत मासा असूं शकतो हेंही आम्हांस पुस्तकांवरून ठाऊक होतें. परंतु तसा दगड प्रत्यक्ष हातांत आला तेव्हां आम्हांस तो ओळखतां आला नाहीं. ती हकीकत लिहून काढावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

गोष्ट सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची, आणि दुसऱ्या एका शाळेंतील. आमच्याकडे पवित्र शास्त्राचा तास होता व उत्पत्तीचा पहिला अध्याय चालला होता. वसतिगृहांत राहणारा एक मुलगा उठला. त्याचे वडील जंगलखात्यांत नोकरीस असून त्यांची बदली सिरोंचाकडे झाली होती. त्यानें पिशवींतून तळहाताएवढी एक चपटी, पिवळट करड्या रंगाची चीप काढून आमच्या मेजावर ठेविली आणि विचारलें, “सर, मासे पांचव्या दिवशीं झाले, मग ही मासोळी दगड कितव्या दिवशीं झाली?”

वर्ग हंसला. आम्हीं चीप उचलून पाहिली. तिच्यावर गडद तपकिरी रंगाचे, चकचकीत, शंकरपाळ्यासारखे तुकडे ओळींनीं बसविलेले दिसले. डोकें नाहीं, शेपटी नाहीं, कांटा नाहीं. कोणी लाखेचे तुकडे चिकटवून आमची थट्टा मांडली आहे असें आम्हांस वाटलें. खरें सांगावयाचें तर प्रश्नाचें उत्तर आम्हांस सुचत नव्हतें, आणि त्या वयांत उत्तर न सुचणें आणि राग येणें यांत फारसें अंतर नसे. आम्हीं मुलाला तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें व चीप कपाटांत टाकून दिली. पुढें बक्षीससमारंभाच्या आधीं खोल्यांना चुना देण्याचें काम निघालें, त्यांत कपाट रिकामें झालें आणि चीप कोठें गेली तें कळलें नाहीं. आम्हीं विचारलेंही नाहीं.

कांहीं वर्षांनीं, निराळ्याच कामासाठीं मध्यप्रांताच्या भूस्तरांविषयीं एक जुना ग्रंथ चाळीत असतां एका चित्रावर आमची दृष्टि खिळली. तेच शंकरपाळे, तीच चकाकी. खालीं नांव होतें लेपिडोटस डेक्कनेन्सिस, आणि गांव कोटा.

येथें एक खुलासा करावयास हवा. कोटा म्हणतांच आपणांस घरांतील हिरवट फरशी आठवते. ती राजस्थानांतील कोट्याची. तीही चुनखडकच, पण मासे पृथ्वीवर जन्मण्याच्या फार पूर्वींची. आमचा कोटा हें गडचिरोली जिल्ह्यांत सिरोंचाच्या उत्तरेस प्राणहितेच्या डाव्या कांठीं वसलेलें एक लहान गांव आहे. तें वऱ्हाडाला अगदींच परकें नाहीं. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेच्या शिवेवरून वाहणारी आपली वर्धा पुढें वैनगंगेला मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते आणि तिचें पाणी कोट्यावरून जाऊन गोदावरींत पडतें.

तेथील मासे डॉक्टर वॉकर यांना सांपडले. कर्नल साइक्स यांनीं ते लंडनच्या भूशास्त्रमंडळापुढें मांडिले आणि १८५१ मध्यें सर फिलिप एगर्टन यांनीं त्यांचें वर्णन केलें. त्याच सुमारास नागपुरास रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे आपले सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळीच्या परिसरांत दगडांतील शंख, फळें आणि कीटकांचे पंख गोळा करीत होते. दिवसा मुलांना शिकवावें, रविवारीं उपदेश करावा आणि सवड मिळतांच हातोडी घेऊन बाहेर पडावें, असा त्यांचा क्रम. कोट्याच्या पलीकडे मलेरी म्हणून गांव आहे. तेथें मिळालेल्या एका फार प्राचीन माशाच्या दातांना १८५९ मध्यें त्यांचें नांव देण्यांत आलें. गंमत अशी कीं, त्या माशाचा एक जिवंत आप्त १८७० मध्यें ऑस्ट्रेलियांतील नदींतून शास्त्रज्ञांपुढें आला. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाजवळील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना हिस्लॉपसाहेब पुराच्या ओढ्यांत बुडाले. मिशनच्या शाळांतून त्यांचें नांव आम्ही लहानपणापासून ऐकत होतों. त्यांच्या हातोडीविषयीं मात्र आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें.

तीन वर्षांपूर्वीं नाताळाच्या सुट्टींत आम्हीं सिरोंचाचा बेत केला. बडनेऱ्याहून नागपूर, तेथून बल्लारशा, आणि पुढें आलापल्लीवरून सागाच्या अरण्यांतून मोटार. सिरोंचांत तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यांत नांदतात. एक वृद्ध गृहस्थ वाट दाखविण्यास आले. कोट्याजवळच्या एका नाल्याच्या कडेला त्यांनीं काठीनें खूण केली. तेथें काळें कांहींच नव्हतें. परीक्षकाच्या मेजावर उत्तरपत्रिकांची चळत असावी तसे चुनखडकाचे पातळ थर एकावर एक बसलेले होते.

बहुतेक संशोधकांच्या मतें येथें गोड्या पाण्याचें उथळ सरोवर होतें. त्याला सुमारें अठरा कोटि वर्षें झालीं. या काळास जुरासिक म्हणतात. तेव्हां हिंदुस्थान आशियाला जोडलेला नसून आफ्रिका व अंटार्क्टिका यांना चिकटून दक्षिण गोलार्धांत होता. सरोवराच्या पाण्यांतील चुना तळाशीं सांकळत गेला. मेलेला मासा त्या मऊ गाळांत रुतला, त्यावर दुसरा पापुद्रा बसला. मांस कुजून गेलें. परंतु या माशांच्या खवल्यांवर दातांवर असतें तसें कठीण लुकण होतें, तें टिकलें. अमेरिकेंतील गार नांवाच्या माशाच्या अंगावर तसे खवले आजही असतात. म्हणजे ज्या चकाकीवरून आम्हीं मुलाला लबाड ठरविलें, तीच त्याच्या खरेपणाची साक्ष होती! आपला काळा फत्तर वाहूं लागला तेव्हां हे मासे दगड होऊन अकरा कोटींहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

सरोवराभोंवतीं वस्तीही दाट होती. नदीपलीकडे तेलंगणांत पोचमपल्लीजवळ, या चुनखडकाच्या खालच्या थरांत, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना प्रचंड सरड्यांचीं सुमारें तीनशें हाडें मिळालीं. जवळच अश्मीभूत झाडांचे मोठे ओंडके. मांडीचें एक हाड उभें केलें तर आमच्या खांद्याच्या वर जाईल. हें खोदकाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे १९६१ मध्यें, चाललें होतें, म्हणून १९७५ मध्यें त्याचें बारापासॉरस टागोरी असें नामकरण झालें. बंगालींत ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय. सांगाडा कलकत्त्यास उभा आहे. पण डोकें कोठेंच न मिळाल्यामुळें तें अंदाजानें करावें लागलें. आम्हांस मात्र या पायापेक्षां निराळ्याच गोष्टीचें नवल वाटतें. याच भूस्तरांतील चिकणमाती धुवून, चाळून, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान अशा दाढा निघाल्या आहेत. त्या उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांच्या. त्यांतील एकाला १९८१ मध्यें कोटाथेरियम असें नांव मिळालें. एवढ्या मोठ्या पायांखालीं हीं इवलीं जनावरें कशीं निभावलीं असतील, असें मनांत येतें.

वाटाड्यांनीं एक चीप उलटली. तिच्यावर शंकरपाळे होते. पांच-सहाच, पण तेच. आम्हीं त्यावरून बोट फिरविलें आणि चीप होती तेथें परत ठेविली. अशा वस्तु घरीं नेऊं नयेत. सिरोंचाजवळ वडधम येथें वनखात्यानें जीवाश्मांसाठीं उद्यान राखलें आहे, तेथें त्या पाहाव्या.

परत येतांच आम्हीं त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला आणि त्याला पत्र लिहिलें. मासा, त्याचें नांव, आमची चूक, सर्व कांहीं लिहिलें. त्याच्या प्रश्नाचें उत्तरही देण्याचा यत्न केला: त्या अध्यायांतील दिवस घड्याळानें मोजावयाचे नाहींत असें आम्ही मानतों, आणि त्या दिवशीं एवढें जरी सांगतां आलें असतें तरी पुरे होतें.

उत्तर दीड महिन्यानें आलें. आतां तो अकोल्यास असतो. दगडाची आपणांस मुळींच आठवण नाहीं, असें त्यानें लिहिलें होतें. बाकावर उभें राहिल्याची आठवण आहे, कारण त्या दिवशीं पाय दुखत होता आणि तें सांगण्याचें धैर्य झालें नव्हतें. खालीं निराळ्या शाईनें दोन ओळी होत्या. मुलगी चौथींत आहे, तिला तुमचें पत्र वाचून दाखविलें. ती विचारते कीं माशाचे डोळे कां टिकले नाहींत, आणि पुढच्या नाताळांत सर तिकडे जाणार असतील तर आम्हांला नेतील काय.

डोळ्यांविषयीं आम्हीं कळविलें आहे. गाडीचीं तिकिटें काढावयाचीं आहेत.