मावशीची चौकट : रंग द्यावा की पॉलिश?

आमच्या नांदेडच्या घराचा सागवानी दरवाजा आम्ही मोठ्या हौसेने मेलामाइन मारून काचेसारखा चकचकीत करून घेतला होता. दाराचे तोंड पश्चिमेला. दुसऱ्या उन्हाळ्यातच त्याचे पापुद्रे सुटू लागले. मेलामाइन हे घरातल्या कपाटाचे काम, उन्हातल्या दाराचे नव्हे, हे शहाणपण आम्हाला पैसे गेल्यावर आले. म्हणून मावशीचा निरोप आला, ‘चौकटीचं काहीतरी करा’, तेव्हा आम्ही दोघेही जरा धास्तावलोच.

मावशीचे गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला. नांदेडहून एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठावे आणि तिथून औसा, लामजना या वाटेने पुढे जावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे या भागात काय झाले ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळयांवर माळवद आणि त्यावर हात-दीड हात माती, अशी तिथली घरे. कितीतरी ठिकाणी लाकडाचा सांगाडा जागेवर राहिला आणि भिंतींचे दगड माणसांवर आले. मावशीचे यजमान त्यातच गेले. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. लोकांनी ढिगाऱ्यातून लाकूड काढून नव्या घरांना वापरले. मावशीनेही चौकट नेली.

चौकट जुन्या सागाची आहे. वरच्या पट्टीत मधोमध कमळ, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. पण हे सारे निळ्या ऑइल पेंटखाली बुजलेले. त्या निळ्याला आता भेगा पडल्या होत्या आणि दोन वर्षांचा पणतू खालचे पोपडे नखाने काढून तोंडात घालत होता.

आम्ही म्हणालो, “मावशी, हा रंग पुरता काढू. खालचा साग किती सुंदर दिसेल!”

मावशी गप्प राहिली. मग म्हणाली, “लेकरा, त्यो रंग तुझ्या काकानं दिलेला हाय. थोरलीच्या लग्नाला.”

आता काय बोलावे? पण पणतवाकडे पाहून बोलावेच लागले. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमच्या वर नसावे हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमचे नुकसान करते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ श्वासात जाते. दिव्याने जाळूनही काढू नये. मावशीने ऐकून घेतले. विचार करून म्हणाली, “खालचं काढा. कमळ ऱ्हाऊ द्या.”

सुनेने मुलाला तीन दिवसांसाठी आजोळी नेले. आम्ही जमिनीवर प्लास्टिक अंथरले, हातमोजे घातले, तोंडाला चांगला मास्क लावला. रिमूव्हर लावून रंग फुगवला आणि ओला असतानाच पत्र्याने खरवडला. वेलबुट्टीच्या खाचांत जुना दातांचा ब्रश आणि बांबूची काडी चालवली. लोखंडी टोक लावले असते तर नक्षी बोथटली असती. शेवटी वॉटर पेपर पाण्यात भिजवून, रेषांच्या दिशेनेच घासले. सगळे पोपडे गोळा करून पिशवीत बांधले. पहिला पूर्ण दिवस यातच गेला.

मग प्रश्न आला, उघड्या सागाला लावायचे काय? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले फ्रेंच पॉलिश दिसायला सर्वांत देखणे, पण पाण्याने पांढरे डाग पडतात; ते घरातल्या फर्निचरला ठीक. बाहेरचे वॉर्निश दोन-चार वर्षांनी सुटते आणि मग नक्षीतून ते खरवडणे म्हणजे पुन्हा हेच काम. ऑइल पेंट उन्हाला सर्वांत चांगला टिकतो, पण हाताहातांनी खाचा भरत जातात आणि वेलीची दोरी होते. चौकटीवर पुढे पडवीचा छज्जा होता, पावसाचा सपकारा थेट लागत नव्हता. तेव्हा आम्ही जवस तेल ठरवले. त्याचे पापुद्रे निघत नाहीत. लाकूड कोरडे दिसले की पुन्हा एक हात द्यायचा. भिजणाऱ्या जागी मात्र ते बुरशीने काळे पडते, हेही सांगून ठेवतो. साध्या फळ्यांच्या दाराला नवा रंग द्यायचे ठरले. तिथे नक्षी नाही, ऊन मात्र भरपूर.

तेल लातूरला गंजगोलाईजवळच्या दुकानातून आणले होते, डबल बॉइल्ड. आपल्या चटणीच्या जवसाचेच ते असले तरी त्यात लवकर सुकवणारी द्रव्ये असतात, खाण्याच्या कामाचे नव्हे. साग मुळात तेलकट, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसला. तेलात थोडे टर्पेंटाइन घालून पातळ हात दिला आणि पंधरा मिनिटांनी उरलेले पुसून टाकले. पुसले नाही तर चिकट राहते आणि धूळ धरते. असे दोन दिवस, एकेक हात. चौकटीच्या पायाशी, जिथे लाकडाच्या शिरा कापलेल्या असतात, तिथे तेल पीत राहिले तोवर पाजले, कारण ओल तिथूनच चढते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. आम्ही ती पाण्यात भिजवून अंगणात पसरली.

कमळाचा रंग घट्ट होता आणि मुलाच्या हातापलीकडे. तो ओल्या कागदाने नुसता हलका घासला आणि वर पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दिले. आधी कोपऱ्यात लावून पाहिले, जुना रंग सुरकुतत तर नाही ना म्हणून.

निघताना उरलेले तेल बाटलीत भरून दिले, मृगाच्या आधी दरसाल एक हात द्या म्हणून. मावशीने ती बाटली स्वयंपाकघरात न ठेवता माळ्यावर ठेवायला लावली आणि नातवाकडून तिच्यावर ठळक अक्षरांत लिहून घेतले : ‘चौकटीचे’.