नवा कॅमेरा आणि मी

फोटो ही पैसेवाल्यांची हौस, असे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मानले गेले. आमच्यासारख्यांकडे फोटो निघतो तो दोनच वेळा: सरकारने मागितला म्हणून, किंवा माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला काहीतरी हवे म्हणून. माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे. १९९३ पासून मतदारांना फोटोची ओळखपत्रे देण्यास सुरुवात झाली. पुढे आजोबांनाही ते मिळाले आणि त्यावर त्यांचा नखाएवढा, काळपट चेहरा आला. ते गेल्यावर तोच मोठा करून भिंतीवर टांगला. त्यात मिशी कुठे सुरू होते तेही कळत नाही. मी आजोबांना पाहिलेले नाही. ते कसे दिसत असे विचारले, की आजी फोटोकडे न बघताच सांगते. यातच काय ते आले.

आज मोबाईल घरोघरी आहे, हे खरे. पण त्यात आम्हा तरुणांचेच चेहरे असतात आणि मोबाईल फुटला की तेही जातात. म्हाताऱ्या माणसांकडे कोणी कॅमेरा वळवत नाही.

अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचे आमचे गाव. तेथे माझे मामा लग्नाचे फोटो काढतात. एका रोलमध्ये छत्तीस फोटो बसत, त्या काळापासून ते या धंद्यात आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी नवा मिररलेस कॅमेरा घेतला. निम्मे पैसे साठवलेले, निम्मे कर्जाचे. लग्नसराई तोंडावर आली होती आणि कॅमेऱ्याचे माहितीपुस्तक होते पाचशेहून अधिक पानांचे, तेही इंग्रजीत. मामा सातवी शिकलेले. त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, "तू कॉलेजात शिकून राह्यली ना, मंग हे वाचून सांग मले."

वाचकहो, कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच. बी.ए. करून काय होणार, हा प्रश्न मला एस.टी.त, नळावर, लग्नाच्या पंगतीत सारखा विचारला जातो. माझ्या शिक्षणाची कोणाला तरी गरज पडावी, असे त्या दिवशी प्रथमच घडले. मी शब्दकोश घेऊन बसले.

पहिल्याच धड्यात अडले. भिंगातल्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. एफ २ हे छिद्र मोठे आणि एफ १६ हे लहान. आकडा मोठा आणि छिद्र लहान, हे कसे? पुढे वाचल्यावर कळले, की हा भागाकार आहे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला दोनने भागले, तर छिद्र पंचवीस मिलिमीटरचे. सोळाने भागले, तर जेमतेम तीन मिलिमीटरचे. मी हे मामांना समजावत होते, तेव्हा आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मंग भाकरीसारखंच हाय की. दोघांत वाटली तं अर्धी, सोळा जणांत वाटली तं घासभर." यापुढे मामांना हा हिशेब कधी पुन्हा सांगावा लागला नाही.

शटर आम्ही खळ्यावर शिकलो. एका सेकंदाचा हजारावा भाग एवढाच वेळ शटर उघडले, तर उफणताना उडालेला भुसा हवेत कणाकणाने थांबलेला दिसतो. पंधरावा भाग उघडले, तर त्याच भुशाची एक वाहती धार होते. आयएसओचा आकडा दुप्पट केला, की निम्म्या उजेडात भागते, पण फोटोत रवाळपणा वाढतो. या तिघांत सतत देवघेव चालते. एकाला दिले, की दुसऱ्याकडून घ्यावे लागते.

मात्र पुस्तकात नव्हते ते मामांकडे होते. भर दुपारी माणसाच्या डोळ्यांत भुवयांची सावली पडते, म्हणून त्याला उंबरठ्याच्या आत बसवावे आणि तोंड दाराकडे करावे, हे त्यांनी मला शिकवले. नवा कॅमेरा माणसाचे डोळे आपोआप शोधतो. त्या डोळ्यांत उजेड कुठून आणायचा, हे तो सांगत नाही.

या यंत्राची गोष्टही मोठी गमतीची आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. मामांच्या कॅमेऱ्यात दोन कोटी चाळीस लाख ठिपके आहेत. आपल्याकडे दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, हे आपण शाळेत शिकतो. पण फिल्मला भोके पाडायला, रसायने मिसळायला, फिल्म धुवायला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या होत्या, हे मला आता कळले. "पोरीनं कॅमेरा घेऊन फिरावं का?" असे कोणी म्हटले, की मला त्या आठवतात.

सर्वांत मोठा धडा मात्र कापसाने दिला. घरातल्या कापसाच्या ढिगाचा फोटो काढला, तर कापूस राखाडी आला. मग शेतातल्या काळ्या मातीचा काढला, तर तीही राखाडी! मामा म्हणाले, कॅमेरा बिघडला. मी पुस्तक उघडले. कॅमेरा बिघडला नव्हता. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडीच असणार, असे धरूनच तो उजेड मोजतो. म्हणून पांढऱ्याला तो अंधारतो आणि काळ्याला उजळतो. कापूस पांढरा आहे, हे आपण त्याला सांगावे लागते. त्यासाठी एक बटण आहे. ते अधिक एकवर नेले, की उजेड दुप्पट होतो. अर्थशास्त्राच्या तासाला सर दरडोई उत्पन्न शिकवतात, तेव्हा मला हटकून हे बटण आठवते. सरासरीत आमची तीन एकर कोरडवाहू कुठे दिसते?

आणि मग आजोबांचा फोटो माझ्या डोळ्यांपुढे आला. डोक्यावर पांढरी टोपी, मागे पांढरा पडदा, मध्ये उन्हाने रापलेला चेहरा. यंत्राने पांढऱ्याचा हिशेब केला असेल आणि चेहरा अंधारात गेला असेल. कोणी एकाने उजेड थोडा वाढवला असता, तर मला आजोबा दिसले असते.

आजीही पांढरे पातळ नेसते आणि तिचा रंगही शेतातला. फोटो काढते म्हटल्यावर ती म्हणाली, "आता कायले काढतं माहा फोटो? भितीले टांगाले?" मी म्हटले, "टांगाले नाही आजी, पाहाले." चार वाजले होते. तिला ओसरीत, उंबरठ्याच्या आत बसवले. नुसती बसली, की ती ओळखपत्रासारखी ताठ होई. म्हणून तिच्यापुढे सुपात तूर ठेवली. ती निवडू लागली आणि आम्हाला विसरली. बटण अधिक एकवर होते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिची एकेक सुरकुती उमटली आणि पातळ पांढरेच राहिले.

मी तिला पडदा दाखवला. तिने त्यावरून बोट फिरवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "माही माय अशीच दिसे."

आजीच्या आईचा फोटो कुठेही नाही.

बाबांना मी लग्नात कॅमेरा धरलेला आवडतो की नाही, ते अजून बोललेले नाहीत. परवा हळदीच्या कार्यक्रमातून मला रात्री घ्यायला आले, तेव्हा तिपाईची पिशवी मात्र त्यांनीच खांद्यावर घेतली. बी.ए. करून काय होणार, याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. सुट्टीच्या दिवशी मामांकडून कॅमेरा मागून आणते. कागदाचे पैसे हळदीच्या कामातून सुटतात. आतापर्यंत गल्लीतल्या चार आज्यांचे फोटो काढून, छापून त्यांच्या हातात दिले. अजून सात जणी बाकी आहेत आणि त्यातल्या दोघींचे वय नव्वदीच्या घरात आहे.