सर्वांत हळू चालणारा पुढे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले त्या दिवशी माझ्या टेबलावर श्रीलंकेचा नकाशा पसरलेला होता. येत्या माघ पौर्णिमेच्या सुमारास आईला घेऊन दांबुला येथील लेणी-विहार पाहण्यास जाण्याचे ठरत होते. शाळेच्या आठवणी लिहाव्यात की या प्रवासाच्या तयारीविषयी लिहावे, असा प्रश्न पडला. तयारी जसजशी पुढे सरकली, तसतसे लक्षात आले की मला जे लिहायचे आहे ते दोन्हींत एकच आहे.

दांबुला हे नाव आपल्याकडे क्रिकेटच्या बातम्यांमुळे परिचित आहे. परंतु त्या गावाची खरी ओळख तेथील खडकाच्या डोंगरात आहे. भोवतालच्या सपाटीपासून हा डोंगर सुमारे १६० मीटर उंच उठतो आणि त्याच्या माथ्याजवळ, पुढे आलेल्या प्रचंड कड्याखाली, पाच मुख्य लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात वलगंबा राजाला आक्रमणामुळे अनुराधापूरची राजधानी सोडावी लागली. सुमारे १४ वर्षांच्या वनवासात त्याने या डोंगरात आश्रय घेतला आणि राज्य परत मिळाल्यावर कृतज्ञतेने येथे विहार उभारला, अशी परंपरा सांगते. बाराव्या शतकात निस्संकमल्ल राजाने येथील मूर्तींना सोन्याचा मुलामा दिला. म्हणून हा डोंगर ‘रंगिरी’, म्हणजे सोन्याचा खडक. आज जी भित्तिचित्रे दिसतात, त्यांतील बरीचशी अठराव्या शतकात कीर्ती श्री राजसिंह राजाच्या काळी रंगविलेली आहेत. युनेस्कोने १९९१ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

ही सारी माहिती मी उत्साहाने जमविली आणि त्याच उत्साहात एक आराखडा तयार केला. सहा दिवस, नऊ स्थळे. कोलंबो, कँडी, दांबुला, सिगिरिया, पोलोन्नरुवा, मिहिंतले, अनुराधापूर आणि वाटेत आणखी दोन. कागदावर तो फार देखणा दिसत होता. रात्री जेवणानंतर मी तो आईला वाचून दाखविला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “यात बसायचं कुठं लिहिलंय?”

आई आता बहात्तर वर्षांची आहे. तारुण्यातील तिची बरीच वर्षे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडण्यात गेली. ते उकिडवे बसणे आता गुडघ्यांतून बोलते. चढणे जमते, उतरताना मात्र तिला हात लागतो.

तिच्या त्या प्रश्नाने मला आपल्या शाळेची अजिंठ्याची सहल आठवली. मी सातवीत होतो. भूगोलाचे गुरुजी आम्हा साठ मुलांना घेऊन निघाले होते. लेण्यांच्या पायऱ्यांशी येताच आम्ही धावत सुटलो, तोच त्यांनी शिट्टी वाजविली. आमच्या वर्गात एका पायाने अधू असलेला एक मुलगा होता. गुरुजींनी त्याला सर्वांत पुढे उभे केले आणि सांगितले की आज याच्या पुढे कोणी जायचे नाही. मी वर्गातला सर्वांत वेगाने पळणारा मुलगा. मला त्या दिवशी मनस्वी राग आला होता. चार वाजेपर्यंत आमची निम्मीच लेणी पाहून झाली. पण सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे आम्ही पुष्कळ वेळ बसलो. उशीवर टेकलेला तो शांत चेहरा आणि खाली शोकात बुडालेले शिष्य आजही मला जसेच्या तसे आठवतात. धावत पाहिलेल्या कोणत्याही स्थळाचे तसे काही माझ्याजवळ उरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवा कागद घेतला आणि सर्वांत वर लिहिले: पुढे आई.

मग आराखडा आपोआप बदलत गेला. सिगिरियाच्या पायऱ्या हजाराहून अधिक आहेत, मिहिंतलेच्या १८४० सांगतात. दोन्ही नावे खोडली. त्यांच्यामागे आणखी तीन गेली. उरली ती कँडी, मातलेजवळचा अलुविहार, दांबुला आणि अनुराधापूर. कँडी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. १९५० च्या मे महिन्याच्या अखेरीस बाबासाहेब तेथे जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. आईने ते आजोबांच्या तोंडून ऐकलेले आहे आणि त्या गावाचे नाव ती घरातल्या माणसाच्या नावासारखे उच्चारते.

दांबुलाची चढण सुमारे साडेतीनशे पायऱ्यांची आहे. काही टप्पे उघड्या कातळावरून जातात. लेण्यांच्या आवारात पादत्राणे चालत नाहीत आणि दुपारी तेथील फरशी तापते. म्हणून सकाळी दार उघडताच वर पोहोचायचे, जाड मोजे बरोबर घ्यायचे, तिकीट पायथ्याशीच काढायचे आणि माकडांसमोर खाण्याची पिशवी उघडायची नाही, अशी टिपणे झाली. खांदे व गुडघे झाकणारी वस्त्रे आवश्यक आहेत. आईच्या पांढऱ्या साडीने तो प्रश्न मुळातच सोडविला होता. मूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अनादर मानतात, ही सूचना मात्र मी माझ्या मुलीसाठी लाल शाईने लिहिली.

पौर्णिमेविषयी आमचे एकमत होईना. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि विहारांत गर्दी लोटते. मी तो दिवस टाळू पाहत होतो, आई तोच दिवस मागत होती. अखेर मधला मार्ग निघाला. पौर्णिमेला दांबुलाच्या पायथ्याशी मुक्काम करायचा, वंदना खालीच घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चढायचे.

पासपोर्टाचे काम त्याहून लांबले. आईच्या जन्माची नोंद कोठेही नाही. आधार कार्डावर, तिच्या वयाच्या अनेकांप्रमाणे, १ जानेवारी पडलेली आहे. तीच ग्राह्य धरली गेली. अर्जावर अंगठाही चालतो, असे कळले. आईने नकार दिला. नातीची पाटी घेऊन ती तीन आठवडे आपले नाव गिरवीत राहिली. पासपोर्टावर आता तिची सही आहे. शेवटचे अक्षर चौकटीला टेकले आहे, पण सही तिची आहे.

या तयारीतला सर्वांत मोलाचा प्रसंग अलुविहाराच्या निमित्ताने घडला. कँडीहून दांबुलाकडे जाताना वाटेत हे स्थान लागते. मी आईला सांगत होतो की तथागतांची वचने कित्येक शतके कोणी लिहून ठेवलेली नव्हती. भिक्खू ती पाठ करीत आणि शिष्यांकडून पाठ करून घेत. पुढे वलगंबा राजाच्याच काळात दुष्काळ आणि युद्ध एकाच वेळी आले. पाठ असलेले भिक्खूच उरले नाहीत तर धम्म कसा उरेल, ही चिंता निर्माण झाली. तेव्हा अलुविहाराच्या गुहांमध्ये भिक्खूंनी त्रिपिटक प्रथमच ताडपत्रांवर लिहून काढले, असे परंपरा मानते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तोवर सगळं कानानंच चाललं होतं?”

“हो.”

“माझ्यासारखं.”

तिला संपूर्ण वंदना पाठ आहे. ती तिने वाचलेली नाही. विहारात इतरांमागे म्हणत म्हणत आत्मसात केली आहे. वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेला मी नव्या मुलांत एकटाच न अडखळता म्हणत असे, तेव्हा गृहपतींनी विचारले होते की कोणत्या पुस्तकातून पाठ केलेस. मी संकोचाने खाली पाहिले होते. आईकडून ऐकून शिकलो, हे सांगण्याची मला तेव्हा लाज वाटली होती. इतक्या वर्षांनी, नकाशावर बोट ठेवलेले असताना, ती लाज मला अतिशय क्षुद्र वाटली. आपल्या शाळेने मला अक्षरे दिली, याबद्दल मी आजन्म ऋणी आहे. पण अक्षरांच्या आधी जे माझ्यापर्यंत पोहोचले होते, त्याचा मी कधी उल्लेखही केला नव्हता. तो येथे करतो.

दांबुलाच्या पहिल्या लेण्यात कातळातूनच कोरलेली सुमारे १४ मीटर लांबीची निर्वाणमूर्ती आहे. अजिंठ्यातील मूर्तीच्या जवळजवळ दुप्पट. दुसरे लेणे सर्वांत विशाल आहे. तेथे छतातून झिरपणारे पाणी एका भांड्यात थेंबाथेंबाने साठते. आईला मूर्तींच्या संख्येपेक्षा या पाण्याचे कुतूहल अधिक आहे. एवढ्या उंच कातळात पाणी कोठून येते, हे तिला स्वतः पाहायचे आहे.

आमच्या गावचा विहार टेकडीवर आहे. त्याला ८४ पायऱ्या आहेत. चार वेळा चढले की दांबुला झाले, असा हिशेब आईनेच मांडला. गेला महिनाभर ती रोज सकाळी काठी घेऊन चढते. ती पुढे, मी एक पायरी मागे. काल तीन फेऱ्या झाल्या. चौथीला ती निम्म्यावर बसली.

“नाहीच जमलं तर?” मी धीर करून विचारले.

“तर मी खाली बसून वंदना घेईन. तू वर जा, नीट बघ आणि येऊन सांग,” ती म्हणाली. “ऐकलेलं माझ्या लक्षात राहतं.”