वसवसा

उर्दूत ‘वसवसा’ असा एक शब्द आहे. वजू नीट झाला की नाही, कपडा पाक आहे की नाही, ही शंका ज्याचा पिच्छाच सोडत नाही, त्याला वसवसा जडला असे आमच्याकडे म्हणतात.

मला तो लातुरात जडला. 2016 साली मी तिथे बी.एड. करत होतो. खोलीतला जोडीदार मनाचा दिलदार. पण खरकटी ताटे दोन-दोन दिवस पडलेली आणि एकाच ओल्या फडक्याने ताट, ओटा, फरशी सगळे पुसायचे. पुढे तो खोली सोडून गेला, तरी मला घागरीवर, कडीवर, नळाच्या तोटीवर जंतूच दिसत. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेने सुमारे 5 लाख लिटर पाणी लातुरात आले. त्या टंचाईतही मी एकच पेला चार-चार वेळा धूत होतो.

जंतूंना ओल, खरकटे आणि वेळ लागतो. साबण लावून घासलेल्या, उन्हात वाळवलेल्या भांड्यावर बहुतेक जंतू टिकत नाहीत. फडके उकळून वाळवावे, हात साबणाने 20 सेकंद चोळून धुवावेत, पिण्याचे पाणी उकळून झाकावे. एवढे केले की पुढची धुणी मनाची असतात.

आता मी नांदेडला शिकवतो. इथे गोदावरी आहे. पण वाहत्या नदीकाठी बसूनही वजूला पाणी उधळू नये, ही शिकवण लहानपणापासूनची. तो जोडीदार ईदला घरी येतो, शिरखुर्मा पितो. त्याचा पेला इतरांच्या पेल्यांबरोबरच, एकदाच धुतला जातो.